पूर्व नाल्याचे सातशे मीटर

यंत्र चुकतंय, याबद्दल पहिले अकरा दिवस बोरवंड नगरपरिषदेत कुणालाच शंका नव्हती. शहर अभियंता हेमलता खैरनार हिला तर नव्हतीच. यंत्र बरोबर असेल तर देवरे सर चुकले, असं म्हणावं लागलं असतं, आणि बोरवंडमध्ये तसं कुणी मनातल्या मनातसुद्धा म्हटलं नसतं.

गोष्ट २०४१ सालची. त्याच्या दोन वर्षं आधी सरकारने एक नियम केला होता. जमिनीखाली गेलेलं कुठलंही काम, मग ती जलवाहिनी असो, गटार असो की इमारतीचा पाया, त्याचं शेवटचं बिल म्यूऑन चित्र काढल्याशिवाय निघायचं नाही. कंत्राटदारांनी आरडाओरडा केला, काही कोर्टात गेले, पण नियम टिकला. आणि मग एकेका शहरात ती लांबलचक चंदेरी नळकांडी येऊ लागली.

म्यूऑन म्हणजे काही नवं नव्हे. अंतराळातून येणारे विश्वकिरण पृथ्वीच्या वातावरणावर आपटतात, त्या आपटण्यातून हे कण जन्मतात आणि आपल्या अंगावर अहोरात्र कोसळत राहतात. तळहात पुढे धरला तर साधारण सेकंदाला एक कण त्यातून आरपार जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. घरं, डोंगर, खडक, सगळ्यांतून ते जातात. फक्त वाटेत जितका जड पदार्थ असेल तितके जास्त कण अडतात. खडकात पुष्कळ अडतात, मुरमात त्याहून कमी, आणि पोकळीत एकही नाही. तेव्हा जमिनीखाली खोलवर कण मोजणारी नळी ठेवायची आणि कुठल्या दिशेने किती कण येतात ते आठवडाभर मोजत राहायचं. हळूहळू वरच्या जमिनीचं चित्र उमटतं. पोकळी उजळ दिसते, माती करडी, खडक काळा. न खोदता जमिनीचं पोट दिसतं.

अडचण एवढीच, की म्यूऑन वरून येतात, म्हणून नळी कामाच्या खाली असावी लागते. मोठ्या शहरांनी त्यासाठी खास भोकं पाडून घेतली. बोरवंडला ती आयती मिळाली. पाण्यापायी गावाने चाळीस वर्षांत दारोदारी बोअर मारले होते, आणि त्यातले निम्म्याहून जास्त कोरडे पडून होते. आता त्या कोरड्या बोअरांत नळ्या सुटल्या.

नळ्यांबरोबर पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून तस्नीम मुजावर नावाची भौतिकशास्त्रज्ञ आली होती. एकोणतीस वर्षांची, कमी बोलणारी, आणि बोअरच्या तोंडाशी उन्हात तासन्‌तास उकिडवी बसणारी. तिने पहिल्याच दिवशी हेमलताला सांगितलं, की यंत्राला आधी एक काम असं दाखवावं लागतं जे कागदावर जसं आहे तसंच जमिनीत आहे. त्यावरून यंत्राचं माप लावून घेतात. असं एखादं काम तुमच्या गावात आहे का?

हेमलताने क्षणभरही विचार केला नाही. ती म्हणाली, पूर्व नाला घ्या.

पूर्व नाला म्हणजे तलावापासून नदीपर्यंत गावाच्या पोटातून गेलेला, बंदिस्त, काँक्रीटचा पावसाळी नाला. दोन किलोमीटर चारशे मीटर. तो २०१९ साली अनंत देवरे यांनी बांधून घेतला, तेव्हा ते शहर अभियंता होते. त्याआधी बोरवंडची सगळी कामं तीन कंत्राटदारांत आळीपाळीने वाटलेली असत. एकाची पाळी आली, की बाकीचे दोघे मुद्दाम चढा दर भरत. चौथ्या कुणी निविदा भरली तर त्याच्या वाळूच्या गाड्या वाटेत बंद पडत. देवरेंनी ती साखळी तोडली. गणपत इंगवले नावाचा लांबच्या जिल्ह्यातला एक लहान कंत्राटदार त्यांनी हिंमत देऊन उभा केला, त्याची निविदा मंजूर करून घेतली आणि काम पुरं करून दाखवलं. पुढे ते निवृत्त झाले तेव्हा गावाने त्यांची बैलगाडीतून मिरवणूक काढली. अभियंत्याची मिरवणूक निघालेली बोरवंडने तेवढी एकदाच पाहिली.

हेमलता त्यांच्या हाताखाली नोकरीला लागली ती पंचविसाव्या वर्षी. वडील नुकतेच गेले होते. तिच्या लग्नात मांडवाच्या दारात पाहुण्यांच्या स्वागताला देवरे सरच उभे होते. तिला शहर अभियंत्याची खुर्ची मिळाली त्या दिवशी ती देवळाच्याही आधी त्यांच्या घरी गेली होती.

नाल्याच्या वाटेवरच्या नऊ कोरड्या बोअरांत नळ्या सोडल्या गेल्या. पहिल्या आठवड्यात चित्र उमटू लागलं. तलावाकडचे नऊशे मीटर स्वच्छ उजळ पट्टा, नकाशाबरहुकूम. नदीकडचे आठशे मीटरही तसेच. मधल्या सातशे मीटरांत काहीच नव्हतं. सलग करडी जमीन.

तस्नीमने नळ्या काढून तपासल्या, मधल्या नळ्या टोकांना आणि टोकांच्या नळ्या मध्ये लावल्या, पुन्हा मोजायला सुरुवात केली. टोकांना गेलेल्या नळ्यांना नाला दिसू लागला. मध्ये आलेल्यांना दिसेना. अकराव्या दिवशी तिने हेमलताच्या टेबलावर दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली आणि ती फक्त एवढंच म्हणाली, की मॅडम, एकदा खोदून बघू या.

भाजी मंडईच्या मागच्या बोळात त्यांनी खड्डा घेतला. नाल्याचा माथा दीड मीटरवर लागायला हवा होता. दोन मीटरवर पिवळा मुरूम लागला. तीनवर तोच. पाच मीटरांवर जेसीबीचा हात पुरेना, तेव्हा चालकाने यंत्र बंद केलं आणि खाली उतरून मुरमाचं एक ढेकूळ हातात घेऊन पाहिलं. म्हणाला, ही भुई कुणी कधी उकरलेलीच नाही.

हेमलता खड्ड्याच्या काठावर उभी होती. तिला आधी काही वाटलंच नाही. मग ती तिथेच उपसलेल्या मुरमाच्या ढिगावर बसली. ऊन चढलं होतं. मंडईतून कोथिंबिरीचे भाव ओरडल्याचे आवाज येत होते.

"मॅडम, अजून एक आहे," तस्नीम म्हणाली. "तुम्हाला आधी सांगितलं नाही, कारण मलाच खात्री नव्हती."

तलावाकडचा नाला जिथे संपत होता, तिथे चित्रात एक उजळ डाग होता. तस्नीमने तो आधी यंत्रातला दोष समजून सोडून दिला होता. आता दोष नव्हता म्हटल्यावर त्याचा अर्थ सरळ होता. तलावाकडून येणारं पाणी बावीस वर्षं त्या बंद टोकाशी येऊन मुरत होतं. तिथे खाली जुन्या ओढ्याच्या वाळूचा थर होता. त्या वाळूतून पाणी झिरपत नदीकडे जाई, म्हणून वर कधी तुंबलं नाही, आणि जाताना बारीक माती सोबत नेई. दर पावसाळ्यात थोडी थोडी. नेता नेता चौदा मीटर लांब आणि नऊ मीटर रुंद पोकळी तयार झाली होती. तिच्यावर तीन मीटर जमीन होती, आणि त्या जमिनीवर गावाची दुमजली भाजी मंडई. दोनशे साठ विक्रेत्यांची.

कधी खचेल, असं हेमलताने विचारलं. तस्नीमने प्रामाणिकपणे सांगितलं, की ते म्यूऑन सांगत नाहीत. उद्या, किंवा दहा वर्षांनी. पण पहिल्या आठवड्यापेक्षा दुसऱ्या आठवड्यात डाग वरच्या बाजूने वाढलेला दिसतो, एवढं नक्की.

हेमलता ऑफिसात आली आणि तिने पूर्व नाल्याची मोजमाप पुस्तिका काढायला लावली. झालेलं काम प्रत्यक्ष मोजून कनिष्ठ अभियंत्याने त्यात नोंद करायची आणि सही करायची, मग वरिष्ठांनी. पान एक्केचाळीसवर मधल्या सातशे मीटरांची नोंद होती. लांबी, रुंदी, भिंतीची जाडी, सगळं सुवाच्य. खाली सही होती, हेमलता सोनवणे. माहेरच्या नावाची. तारीख एकोणतीस मार्च.

सही दुसऱ्याच कुणा मुलीची असावी तशी ती तिच्याकडे बघत राहिली. मग तो दिवस आठवला. आठवला म्हणण्यापेक्षा, तो कधी विसरलाच नव्हता असं तिला कळलं. तिचं लग्न ठरलं होतं आणि दुपारी आईबरोबर बस्ता बांधायला जायचं होतं. मधल्या भागाकडे ती फिरकलीच नव्हती. संध्याकाळी ऑफिसात आली तेव्हा देवरे सर पुस्तिका उघडून बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं होतं, मधला भाग बघून आलीस का? आणि ती म्हणाली होती, हो सर.

त्यांनी पुस्तिका तिच्यापुढे सरकवली होती. तिने सही केली होती.

देवरे सर आता शहात्तर वर्षांचे होते. पत्नी गेल्यापासून एकटेच राहत. हेमलता पोचली तेव्हा ते ओसरीवर पेपर वाचत होते. तिने चित्रं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसून ती नीट पाहिली, पण त्यांना काही नवल वाटलं नाही. तोवर तिला वाटत होतं, की इंगवलेने सरांना फसवलं असेल.

त्यांनी सगळं शांतपणे सांगितलं. इंगवले माणूस चांगला होता. पण तिघांनी त्याची वाळू अडवली, मिक्सर अडवले, माणसं फोडली. फेब्रुवारीत दोन्ही टोकं बांधून झाली आणि तो रात्रीतून निघून गेला. एकतीस मार्चला निधी परत जाणार होता. काम अपुरं आहे असं लिहिलं असतं तर फेरनिविदा निघाली असती, आणि ती त्या तिघांपैकी एकालाच गेली असती. सबंध गाव बघत होतं. "ते तिघे हसत माझ्या दारात आले असते, हेमा. मला ते सोसलं नसतं." पुढच्या वर्षी दुसऱ्या कुठल्या तरी निधीतून मधला भाग उरकून टाकू, असं त्यांनी ठरवलं होतं. पुढच्या वर्षी जमलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मग त्या जागेवर मंडई आली.

मंडईला ना-हरकत तुम्हीच दिलीत, असं ती म्हणाली. ते हो म्हणाले.

"आणि सर, माझी सही?"

"मी तुला विचारलं होतं. तू म्हणालीस, बघून आले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, ते मला ठाऊक होतं. तू हो म्हणालीस, तेव्हाच मला कळलं की हे जमून जाईल."

बावीस वर्षं या माणसाला तिचं खोटं माहीत होतं. तिच्या मांडवात ते उभे होते तेव्हा माहीत होतं, बढतीसाठी तिची शिफारस केली तेव्हाही. तिला कायम वाटत आलं होतं, की सरांनी आपल्याला जवळ केलं ते आपल्या कामामुळे. आता ते नक्की कशामुळे होतं, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही.

तिने दुसरंच विचारलं. तलावाच्या वरच्या अंगाला 'नवे बोरवंड' उभं राहणार होतं. नऊ हजार घरं. गावाच्या पुढच्या तीस वर्षांच्या वाढीचा सगळा आराखडा त्यावर बेतलेला होता, आणि त्या वस्तीच्या छपरांचं नि रस्त्यांचं सगळं पाणी पूर्व नाल्यात सोडायचं ठरलं होतं. रस्ते-गटारांच्या निविदा येत्या शुक्रवारी उघडणार होत्या. आराखड्याच्या सल्लागार समितीत देवरे सर होते.

"नऊ हजार घरांचं पाणी या नाल्यात सोडायला तुम्ही मान डोलावलीत?"

"मला वाटलं, ती घरं होतील तोवर मी नसेन," ते म्हणाले.

हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की तिला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा ती उठून उभी राहिली. तिने त्यांना सांगितलं, की उद्या सभेत या आणि हे सगळं बोला. माझ्यावर, यंत्रावर गाव विश्वास ठेवणार नाही. तुमच्यावर ठेवील. त्यांनी नकारार्थी मान हलवली. नावाखेरीज आपल्यापाशी आता काही उरलेलं नाही, ते तेवढं राहू दे, असं म्हणून त्यांनी पुन्हा पेपर उघडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला विशेष सभा भरली. नगराध्यक्ष रमाकांत बोरुडे हा काही वाईट माणूस नव्हता. नव्या बोरवंडसाठी तो दहा वर्षं मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवत होता. मंडई बंद होणार अशी कुणकुण लागल्याने प्रेक्षकांच्या बाकांवर वीस-पंचवीस विक्रेतेही येऊन बसले होते. हेमलताने चित्रं दाखवली, खड्ड्याबद्दल सांगितलं, मंडई आजच रिकामी करावी आणि शुक्रवारच्या निविदा थांबवाव्या असं मांडलं.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. एक नगरसेवक म्हणाला, यंत्रं विकणाऱ्यांची ही खेळी आहे. दुसऱ्याने विचारलं, की खड्डाच चुकीच्या जागी घेतला नसेल कशावरून. बोरुडे म्हणाला, एवढी चर्चा कशाला, ज्यांनी बांधला त्यांनाच विचारू. त्याने देवरेंना फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला.

"नाला आहे," देवरे सरांचा आवाज आला. थकलेला, पण स्पष्ट. "मी स्वतः उभं राहून बांधून घेतलाय."

सभागृहाने सुटकेचा श्वास टाकला. कुणीतरी टाळी वाजवली. हेमलता माइकसमोर तशीच उभी होती. काल ओसरीवर ऐकलेला आवाज आणि हा आवाज एकाच माणसाचा होता, हे तिच्या मनात शिरायलाच तयार नव्हतं. तिने काल ऐकलेलं इथे सांगितलं असतं, तर एका म्हाताऱ्या माणसाच्या शब्दापुढे तिचा शब्द, एवढंच झालं असतं. ती हरली असती. मग तिने पुस्तिकेचं पान एक्केचाळीस पडद्यावर लावायला सांगितलं.

"ही सही माझी आहे," ती म्हणाली. "लग्नाआधीची. मधले सातशे मीटर मी मोजले असं इथे लिहिलंय. मी मोजले नाहीत. मी त्या दिवशी तिकडे गेलेच नव्हते. मी न बघता सही केली आणि बघून आले असं खोटं सांगितलं. यावर माझी नोकरी जाऊ शकते, हे मला माहीत आहे."

तेव्हा मागच्या बाकावरून फुलाबाई कोतकर उठली. मंडईत पालेभाजी विकणारी, सत्तरीला टेकलेली बाई.

"सोताच्या तोंडानं कोन सोताची नोकरी घालवंल?" ती शेजारणीला म्हणाली, पण ऐकू सगळ्यांना गेलं. "खाली काय तरी हाय. चल, टोपल्या उचलू."

विक्रेते उठून बाहेर पडले, आणि मग सभेला ठराव करण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. मंडई आठ दिवस बंद. विक्रेत्यांची सोय जिनिंगच्या मैदानावर. निविदांबद्दल मात्र बोरुडेने एक अक्षर काढलं नाही.

पुढचे दोन दिवस हेमलताला कठीण गेले. मैदानावर सावली नव्हती, माल सुकत होता. फुलाबाईसारख्या थोड्या सोडल्या तर विक्रेतेही तिच्या नावाने बोटं मोडत होते. देवरे सरांसारख्या माणसाच्या कामाला हिने बट्टा लावला, असं लोक तिला ऐकू जाईल असं बोलत. बोरुडेने तिला बोलावून सांगितलं, की शुक्रवारी निविदा उघडल्या की तुमचं निलंबन होईल. तिने मान हलवली. रात्री नवऱ्याने विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, की मंडई पडली नाही तर बरंच आहे, आणि पडली नाही तर मला कुणी कधी खरं मानणार नाही.

गुरुवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मंडई पडली.

हेमलता ऑफिसात होती. खडीचा ट्रक रिकामा व्हावा तसा आवाज आला, फक्त तो थांबेना. ती धावत पोचली तेव्हा धुळीचा लोट रस्त्यापर्यंत आला होता. धूळ बसली, तेव्हा मंडईचा पुढचा भाग उभा दिसला, मागचा नव्हता. वरचा मजला खालच्यावर, खालचा जमिनीत, आणि जमिनीच्या जागी एक विहीर, तिच्या कडेने अजून माती घसरत होती. फरशीचा एक तुकडा त्या कडेवर तिरका लटकला होता. त्यावर भाव लिहायची खडूची पाटी तशीच उभी होती.

आत कुणी नव्हतं. राखणदार रस्त्याच्या पलीकडे चहा पीत होता, त्याला खरचटलंदेखील नाही. हां हां म्हणता गाव गोळा झालं. कुणी रडलं नाही की ओरडलं नाही. माणसं दोरीच्या अलीकडे उभी राहून पाहत होती, आणि मग हळू आवाजात मोजायला लागली. तिथे अमका बसायचा, त्याच्या शेजारी तमकी, तिची सून, सुनेची पाळण्यातली पोर. गुरुवार, बाजाराचा दिवस, अकरा वीस. बोरुडे तिथे आला, त्याने ते मोजणं ऐकलं आणि बाजूला जाऊन ओकला. मग तोंड पुसून तो हेमलताजवळ येऊन उभा राहिला. शुक्रवारी निविदा उघडल्या गेल्या नाहीत.

त्यानंतर राज्यभर धांदल उडाली. पंचवीस वर्षांतली जमिनीखालची सगळी कामं तपासायचा हुकूम निघाला, आणि गावोगाव करड्या जमिनीची चित्रं येऊ लागली. कुठे जलवाहिनी नव्हती, कुठे पुलाचा अर्धा पाया. बोरवंडचा विकास आराखडा रद्द झाला. नव्या आराखड्यात तलावाच्या वरचा भाग मोकळा सोडला, आणि वाढ नदीपलीकडच्या माळावर नेली. घरं नऊ हजारांची साडेतीन हजार झाली. उरलेल्या सातशे मीटर नाल्याची निविदा काढली, तर दोनदा पेटी रिकामी निघाली. यंत्र बघणार म्हटल्यावर कुणी भरायलाच तयार नव्हतं. तिसऱ्यांदा एकच निविदा आली, आणि त्या कंत्राटदाराने कामाला तीन वर्षं मागितली. नगरपरिषदेने ती मुकाट्याने मंजूर केली.

चौकशीसाठी माधुरी ठोसर नावाच्या निवृत्त न्यायाधीश नेमल्या गेल्या. हेमलताला बोलावणं आलं तेव्हा त्यांनी तिच्यापुढे एक कागद ठेवला. देवरे सरांनी आपण होऊन पाठवलेला जबाब होता. मंडई पडल्याच्या दुसऱ्याच दिवशीची तारीख.

सगळा दोष माझा आहे, असं त्यात लिहिलं होतं. नाला अपुरा असल्याचं मला ठाऊक होतं. मंडईला परवानगी मीच दिली. सभेत फोनवर मी खोटं बोललो. इथपर्यंत वाचताना हेमलताला भरून आलं. शेवटचा परिच्छेद तिच्याबद्दल होता. कनिष्ठ अभियंता कुमारी सोनवणे यांनी काम अपुरं असल्याचं मला सांगितलं होतं. मी त्यांना नोकरीवरून काढण्याची धमकी देऊन सही करायला लावलं. त्यांचा यात काही दोष नाही.

"यावर तुम्ही हो म्हटलंत, तर तुमच्याविरुद्ध काही उरत नाही," ठोसरबाई म्हणाल्या. "सभेत तुम्ही बोललात ते दडपणाखाली, असं मला लिहिता येईल."

हेमलताने परिच्छेद पुन्हा वाचला. अक्षर वळणदार होतं, वाक्यं नेटकी होती. आणि त्यात सांगितलेलं जमिनीवर कधी घडलंच नव्हतं. शहात्तर वर्षांच्या माणसाने, सगळं गेल्यावर, तिला वाचवायला बसून हे लिहिलं होतं. तिच्या आयुष्यात कुणी तिच्यासाठी एवढं केलं नव्हतं. घरी मुलीचं शिक्षण अर्ध्यावर होतं. नवऱ्याने सकाळी निघताना म्हटलं होतं, की आता तरी स्वतःकडे बघ.

"हे खरं नाही," ती म्हणाली. "त्यांनी धमकी दिली नव्हती. त्यांनी विचारलं, मी खोटं सांगितलं."

ठोसरबाईंनी पेन खाली ठेवलं. "बाई, हे मी लिहून घेतलं तर मला तुम्हाला सोडता येणार नाही."

"लिहून घ्या."

चार महिन्यांनी हुकूम आला. हेमलताला कनिष्ठ अभियंत्याच्या जागेवर उतरवलं गेलं. पंचविसाव्या वर्षी ती जिथून निघाली होती, तिथेच. देवरेंवर खटला भरायचं ठरलं, पण त्यांचं वय पाहता तो कधी उभा राहील याची कुणी खात्री देत नव्हतं.

हुकूम आला त्या दुपारी त्यांचा फोन आला. सभेच्या दिवसानंतर त्यांचा आवाज ती पहिल्यांदाच ऐकत होती. ते म्हणाले, की तुझा जबाब वकिलाने दाखवला.

"तेवढी एक गोष्ट तरी मी चांगली केली, असं मला वाटत होतं," ते म्हणाले. "तीही तू ठेवली नाहीस, हेमा."

त्यांना बरं वाटेल असं काहीतरी बोलावं, असं तिला फार वाटलं. तिने खूप शोधलं. मग ती म्हणाली, "नाही ठेवली, सर," आणि त्यांनी फोन ठेवेपर्यंत ती तो कानाला लावून उभी राहिली.